आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर आणि स्वसंरक्षणाचे काडतूस : निवडीमागील शास्त्र, अनुभव आणि कायदा

विशेष प्रतिनिधी
नवी दिल्ली

स्वसंरक्षणासाठी परवान्याने शस्त्र बाळगणाऱ्या व्यक्तीचे लक्ष बहुधा शस्त्रावर असते. त्यात भरावयाच्या काडतुसाचा विचार नंतर होतो, पुष्कळदा होतच नाही. लांब नळीच्या शस्त्रात ही हयगय काही प्रमाणात खपून जाते. दोन इंच नळीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र ती खपत नाही. चार इंची नळीतून अपेक्षेप्रमाणे काम करणारी गोळी त्याच बनावटीच्या दोन इंची नळीतून सुटली, तर ती निराळ्याच रीतीने वागू शकते. ती लक्ष्य भेदून पलीकडे उभ्या असलेल्या निरपराध माणसापर्यंत पोहोचू शकते, किंवा हल्लेखोराला थांबविण्याइतकी आतही जात नाही. अमेरिकेतील पोलीस दलांनी आणि काडतूस उत्पादकांनी या प्रश्नावर गेली पाच दशके प्रयोग केले आहेत. भारतातील परवानाधारकापुढील पर्याय फारच मोजके असले, तरी त्या प्रयोगांतून निघालेले नियम पदार्थविज्ञानाचे असल्याने ते येथेही तितकेच लागू पडतात.

‘नकट्या’ शस्त्राची घडण

इंग्रजीत या शस्त्रास ‘स्नब नोज’, म्हणजे शब्दशः ‘नकटे’ म्हणतात. कोल्ट कंपनीने १९२७ मध्ये ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ हे दोन इंची नळीचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. साध्या वेशातील पोलिसांना कोटाखाली लपविता येईल, असे ते होते. स्मिथ अँड वेसन कंपनीने १९५० मध्ये ‘चीफ्स स्पेशल’ हे आणखी लहान, पाच गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर आणले. त्याचे नाव त्या वर्षी भरलेल्या पोलीसप्रमुखांच्या परिषदेत ठरले. पुढे ‘मॉडेल ३६’ म्हणून ओळखले गेलेले हे शस्त्र आणि त्याची भावंडे आजही या वर्गाचा मापदंड मानली जातात. पाच-सहाच गोळ्या, जड चाप आणि जवळजवळ असलेले दर्शक बिंदू हे या शस्त्राचे दोष आहेत. खिशात मावणे, कपड्यात न अडकणे आणि एखादे काडतूस पेटले नाही तर चाप पुन्हा ओढताच पुढचे काडतूस समोर येणे, हे त्याचे गुण.

या शस्त्रांचे मुख्य काडतूस ‘.३८ स्पेशल’. त्याचा जन्म १८९८ चा, म्हणजे काळ्या दारूच्या युगाच्या अखेरचा. काळ्या दारूला जागा अधिक लागे, म्हणून त्याची पुंगळी लांब ठेवण्यात आली. आजच्या धूररहित दारूची मात्रा इतकी कमी असते की पुंगळीत बरीच पोकळी शिल्लक राहते. हा ऐतिहासिक अपघात पुढे एका नव्या काडतुसाच्या कामी आला. त्याचा उल्लेख यथास्थळी येईल.

नळी आखूड केल्याने नेमके काय घडते? दारू पेटल्यावर निर्माण होणारा वायू गोळीला नळीत असेपर्यंतच ढकलू शकतो. नळी जितकी आखूड, तितका हा ढकलण्याचा अवधी कमी. त्यात रिव्हॉल्व्हरची रचना अशी की फिरते चक्र आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते आणि थोडा वायू तेथून निसटतो. आणखी एक बाब सहसा ध्यानात येत नाही. पिस्तुलाच्या नळीच्या मोजमापात काडतूस बसण्याची जागा धरलेली असते. रिव्हॉल्व्हरच्या नळीत ती धरत नाहीत. त्यामुळे जाहिरातीतील आकडे समोरासमोर ठेवून केलेली तुलना फसवी ठरते. .३८ स्पेशलच्या बाबतीत चार इंचांवरून दोन इंचांवर येताना गोळीचा वेग काडतुसानुसार कमी-अधिक, पण ढोबळमानाने सेकंदाला शंभर फुटांच्या आसपास घटतो. मुळात आठशे-नऊशे फूट वेगाच्या गोळीसाठी ही घट लहान नाही. काडतुसाच्या खोक्यावर छापलेला वेग अनेकदा चार इंची किंवा त्याहून लांब चाचणी-नळीतील असतो. म्हणून खोक्यावरचा आकडा वाचताना तो कोणत्या नळीचा आहे, हे आधी पाहावे.

गोल नाकाच्या शिशाच्या गोळीपासून जिलेटिनपर्यंत

अमेरिकी पोलिसांचे .३८ चे जुने प्रमाणित काडतूस १५८ ग्रेन वजनाच्या, गोल नाकाच्या, साध्या शिशाच्या गोळीचे होते. ग्रेन हे गोळ्यांच्या वजनाचे रूढ माप असून एक ग्रॅम म्हणजे सुमारे साडेपंधरा ग्रेन. ही गोळी शरीरातून आकार न बदलता पार जाई आणि पुष्कळदा हल्लेखोर पुढे येतच राही. १९७० च्या दशकात अनेक पोलीस दलांनी तिच्या जागी त्याच वजनाची, पण मऊ शिशाची, धारदार खांद्याची व पोकळ टोकाची गोळी स्वीकारली. तिच्यामागील दारूचा दाबही थोडा वाढविला. अशा वाढीव दाबाच्या काडतुसाला ‘प्लस पी’ म्हणतात. साध्या .३८ स्पेशलची दाबमर्यादा दर चौरस इंचास १७,००० पौंड, तर ‘प्लस पी’ची २०,००० पौंड आहे. तांब्याचे कवच नसल्याने मऊ शिसे कमी वेगातही पसरे. हे काडतूस अमेरिकेच्या केंद्रीय अन्वेषण संस्थेच्या, म्हणजे एफबीआयच्या, नावाने ओळखले गेले.

११ एप्रिल १९८६ रोजी मियामी येथे एफबीआयचे आठ अधिकारी आणि दोन सशस्त्र दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. दोन अधिकारी ठार आणि पाच जखमी झाले. चकमकीच्या प्रारंभीच एका दरोडेखोराला ९ मिलिमीटरची पोकळ टोकाची गोळी लागली होती. दंडातून छातीत शिरलेली ती गोळी हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली, आणि तो त्यानंतरही लढत राहिला. अखेर गंभीर जखमी असलेल्या एडमंडो मिरेलेस या अधिकाऱ्याने आपल्या रिव्हॉल्व्हरमधून चकमक संपविली. ते रिव्हॉल्व्हर .३५७ मॅग्नमचे असले, तरी त्यात वर सांगितलेली .३८ स्पेशल ‘प्लस पी’ काडतुसे होती. नव्या पिस्तुलांकडे झालेल्या धावपळीत या तपशिलाकडे तेव्हा फारसे लक्ष गेले नाही.

या घटनेनंतर एफबीआयने गोळ्यांच्या परीक्षेची एक पद्धती ठरविली. आज जगभर तीच वापरली जाते. दहा टक्के घनतेचे जिलेटिन ठराविक थंड तपमानाला ठेवून, ते योग्य घट्ट आहे की नाही हे आधी एक लहान छर्रा मारून तपासतात. मग त्यात थेट, आणि नंतर जाड कपडे, पत्रा, प्लायवूड, भिंतीचा फळा, मोटारीची काच अशा अडथळ्यांमधून गोळ्या झाडतात. गोळी किमान १२ आणि कमाल १८ इंच, म्हणजे सुमारे ३० ते ४६ सेंटिमीटर, आत जावी अशी अपेक्षा असते. माणसाचे धड इतके जाड नसते, मग बारा इंच कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मियामीतच मिळते. हल्लेखोर छाती पुढे करून उभा राहत नाही; तो कुशीवर असतो, हात पुढे धरलेला असतो, आणि गोळीला आधी दंड पार करावा लागतो.

जिलेटिन म्हणजे माणूस नव्हे. त्यात हाड नसते, कातडी नसते. जिलेटिनमध्ये उत्तम दिसलेली गोळी रस्त्यावरही उत्तमच ठरेल, याची हमी कोणीही देत नाही. दोन काडतुसांची एकाच कसोटीवर तुलना करता येते, हा त्याचा खरा उपयोग. तुलनेची दुसरी रूढ मोजपट्टी म्हणजे गोळीची ऊर्जा. जाहिरातींत हाच आकडा सर्वांत ठळक असतो. पण हातातून झाडल्या जाणाऱ्या शस्त्रांच्या बाबतीत तो सर्वांत कमी उपयोगाचा आहे. चित्रपटांत गोळी लागताच माणूस मागे फेकला जातो. प्रत्यक्षात गोळीचा संवेग शस्त्राने झाडणाऱ्याच्या हाताला दिलेल्या धक्क्याहून अधिक असूच शकत नाही. जो धक्का झाडणारा मनगटावर सोसतो, तो समोरच्याला उडवून देणार कसा?

पोकळ टोक : दोन्ही बाजूंनी हुकणारा नेम

पोकळ टोकाची गोळी ओल्या ऊतीत शिरली की पोकळीतील दाबामुळे तिचे तोंड उमलते, व्यास वाढतो आणि तिला प्रतिरोध होऊन ती लवकर थांबते. हे उमलणे दोन गोष्टींसाठी हवे असते. जखमेचा मार्ग रुंद होतो, आणि गोळी शरीराबाहेर पडून दुसऱ्याला लागण्याची शक्यता कमी होते. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी १९९८ मध्ये पूर्ण कवचाच्या गोळ्या सोडून पोकळ टोकाच्या गोळ्या स्वीकारण्याचे जाहीर केले, तेव्हा पार जाणाऱ्या गोळ्यांनी होणारी इजा टाळणे हेच मुख्य कारण देण्यात आले होते.

परंतु उमलण्यासाठी वेग लागतो, आणि आखूड नळीत तोच कमी असतो. कपड्यांमधून जाताना पोकळीत सूत भरले, तर ती बुजते आणि गोळी साध्या गोळीसारखी पार जाते. म्हणून परीक्षकांनी जिलेटिनपुढे जाड डेनिमचे चार थर लावण्याची वेगळी कसोटी रूढ केली. दोन इंची नळीतून केलेल्या अशा चाचण्यांत .३८ च्या अनेक नामांकित गोळ्या उमलत नाहीत, असे वारंवार आढळले आहे. उलट बाजूचा धोकाही आहे. वेग मिळावा म्हणून गोळी हलकी केली आणि ती लगेच उमलली, तर दहा इंचांच्या आतच थांबते. या दोन अपयशांच्या मध्ये .३८ ला फार थोडी जागा उरते. या वर्गातील काडतुसांचा सारा इतिहास त्या अरुंद जागेचाच आहे.

उत्पादकांनी काढलेले मार्ग वेगवेगळे आहेत. स्पीअर कंपनीच्या ‘गोल्ड डॉट शॉर्ट बॅरल’ या १३५ ग्रेनच्या ‘प्लस पी’ काडतुसात पोकळीचे तोंड मुद्दाम रुंद ठेवले आहे, आणि त्याचा ८६० फूट प्रतिसेकंद हा जाहीर वेगही आखूड नळीतलाच आहे. फेडरल कंपनीच्या १३० ग्रेनच्या ‘एचएसटी’ काडतुसात गोळी पुंगळीच्या तोंडाशी समतल होईपर्यंत आत दाबलेली असते. सुरुवातीला उल्लेखिलेली काळ्या दारूच्या काळातील पोकळी येथे उपयोगी पडली. हॉर्नडी कंपनीने ११० ग्रेनच्या गोळीच्या पोकळीत मऊ बहुवारिकाचे टोक बसविले. ते कापडाला पोकळीत शिरू देत नाही आणि स्वतः मागे दाबले जाऊन गोळी उमलविते. हे साध्या दाबाचे काडतूस असल्याने धक्काही सौम्य आहे, पण हलक्या गोळीमुळे तिची खोली काठावरची असते.

चौथा मार्ग सर्वांत जुना आणि दिसायला सर्वांत निरुपद्रवी आहे. नेमबाजीच्या स्पर्धांत वापरले जाणारे १४८ ग्रेनचे ‘वॅडकटर’ हे काडतूस म्हणजे पूर्ण सपाट तोंडाचा शिशाचा तुकडा. कागदी लक्ष्यावर गोल, स्वच्छ छिद्र पडावे यासाठी तो घडविलेला आहे. तो उमलतच नाही, म्हणून त्याच्या उमलण्या-न उमलण्याची चिंताच उरत नाही. सपाट कडेमुळे तो ऊती बाजूला सारण्याऐवजी कापत जातो, आखूड नळीतूनही पुरेसा आत शिरतो आणि त्याचा धक्का अत्यल्प असतो. अमेरिकेतील अनेक अनुभवी प्रशिक्षक हलक्या रिव्हॉल्व्हरसाठी आजही त्याचीच शिफारस करतात. त्याच्या दोन अडचणी आहेत. सपाट तोंडामुळे घाईत पुन्हा भरताना तो छिद्राच्या कडेला अडतो, आणि काही वेळा गरजेपेक्षा अधिक आत जातो.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते या चार मार्गांपैकी कोणता श्रेष्ठ, हा प्रश्न काहीसा गौण आहे. त्याआधी शस्त्राचे वजन आणि हाताची ताकद पाहावी लागते. या विषयातील बहुतेक चुकीचे निर्णय तेथेच होतात.

धक्क्याचे गणित

काडतूस तेच ठेवून शस्त्राचे वजन निम्मे केले, तर मागे बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. पोलिसांचे चार इंची नळीचे पोलादी रिव्हॉल्व्हर सुमारे ९६० ग्रॅमचे असे. ॲल्युमिनियम मिश्रधातूचे खिशातले रिव्हॉल्व्हर ४२५ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे धक्का दुपटीहून अधिक. स्कँडियम आणि टायटॅनियम वापरलेली काही शस्त्रे तर सव्वातीनशे ग्रॅमची आहेत. खिशात ओझे जाणवत नाही, हे त्यांचे आकर्षण. पण त्यांतून ‘प्लस पी’ काडतूस झाडल्यावर पहिल्या गोळीनंतर पकड सुटते आणि दुसरी गोळी कोठे जाईल, हे झाडणाऱ्यालाही सांगता येत नाही. सराव करताना हात दुखतो, म्हणून सराव टळतो. आणि न केलेल्या सरावाची भरपाई कोणतीही महागडी गोळी करीत नाही.

.३५७ मॅग्नम हे १९३० च्या दशकातील काडतूस .३८ च्याच व्यासाचे, पण ३५,००० पौंडांच्या दाबाचे आहे. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ चालते, उलट चालत नाही. दोन इंची नळीत मॅग्नमची पुष्कळशी दारू गोळीला वेग न देता नळीच्या तोंडाशी आगीच्या रूपाने जळून जाते. बंद खोलीत किंवा मोटारीत तो आवाज कानांना कायमची इजा करू शकतो, आणि अंधारात तो झोत डोळे दिपवितो. म्हणून .३५७ चे लहान रिव्हॉल्व्हर घेऊन त्यात .३८ भरणारेच अधिक आढळतात. त्यांची निवड शहाणपणाची म्हणावी लागेल.

अतिहलक्या शस्त्रांत आणखी एक दोष संभवतो. झाडताना शस्त्र इतक्या जोराने मागे येते की चक्रातील उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या जडत्वामुळे पुंगळीतून पुढे सरकतात. एखादी गोळी चक्राबाहेर डोकावली की चक्र फिरेनासे होते, आणि रिव्हॉल्व्हरचा विश्वासार्हता हा मुख्य गुणच नाहीसा होतो. काही अतिहलक्या शस्त्रांच्या नळीवर १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नये, अशी सूचना कोरलेली असते. काहींच्या माहितीपत्रकात कवच नसलेल्या शिशाच्या गोळ्यांना मनाई असते. पारख सोपी आहे. मैदानावर पाचांपैकी चार काडतुसे झाडावीत आणि पाचवे बाहेर काढून न झाडलेल्या काडतुसाशेजारी ठेवून त्याची लांबी ताडून पाहावी. सतत तेच काडतूस शेवटी राहील, अशा रीतीने ही कसोटी दोन-तीनदा केली म्हणजे पुरते.

नेमाचाही एक मुद्दा आहे. या रिव्हॉल्व्हरचे दर्शक बिंदू पक्के असतात, सरकविता येत नाहीत. ते बहुधा १५८ ग्रेनच्या गोळीला धरून घासलेले असतात. हलकी, वेगवान गोळी नळीतून लवकर सुटते. तोवर नळीचे तोंड कमी वर उचललेले असते, आणि गोळी खाली लागते. चार-पाच पावलांवर हा फरक नगण्य. पंधरा मीटरवर तो जाणवतो.

लहान व्यासांच्या काडतुसांबद्दल थोडक्यात. .२२ चे काडतूस धक्क्याला नगण्य असले, तरी ते कडेवर आघात होऊन पेटते, आणि अशी काडतुसे मधूनच न पेटण्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते. त्यात उमलणारी गोळी निवडली तर ती फार उथळ थांबते. म्हणून तेथे साधी गोळीच बरी मानतात. .३२ वर्गात .३२७ फेडरल मॅग्नमसारखी नवी काडतुसे अमेरिकेत मिळतात. भारतीय वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाचे मात्र त्यांचे १८९६ मधील पूर्वज, ‘.३२ स्मिथ अँड वेसन लाँग’.

भारतातील चित्र

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम २०१६ यांनुसार .३८० व .४५५ ची कडेदार काडतुसे किंवा लष्करी ९ मिलिमीटरची काडतुसे चालू शकतील, अशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित वर्गात मोडतात. १९८० च्या दशकापासून सामान्य नागरिकांसाठी शस्त्रांची आयातही जवळजवळ बंद आहे. परिणामी नागरी परवान्यावरील रिव्हॉल्व्हर म्हणजे बहुतांशी .३२ चे, आणि बहुतांशी कानपूरचे. २०१४ मध्ये आलेले, टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे अर्धा किलो वजनाचे ‘निर्भीक’ हे महिलांसाठी म्हणून गाजले. त्याच्या सव्वा लाखाच्या घरातील किमतीचीही तितकीच चर्चा झाली. २०२३ मध्ये कानपूरच्याच ‘ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या सरकारी कंपनीने ‘प्रबल’ आणले. त्याची नळी ७६ मिलिमीटरची, म्हणजे तीन इंचांची असून चक्र बाजूला उघडते.

या शस्त्रांच्या काडतुसांचे नाते महाराष्ट्राशी आहे. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील काडतुसांच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही रोमन अक्षरे उमटविलेली असतात. ती ‘किरकी फॅक्टरी’ची, म्हणजे खडकीच्या इंग्रजी उच्चाराची निशाणी होय. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या. त्यांपैकी ‘म्युनिशन्स इंडिया’ या पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपनीकडे खडकी, वरणगाव आदी कारखाने गेले.

.३२ लाँगची पारंपरिक गोळी ९८ ग्रेनची, साध्या शिशाची, गोल नाकाची असते. तिचा वेग सुमारे ७०० फूट प्रतिसेकंद आणि ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास, म्हणजे .३८ च्या जुन्या १५८ ग्रेनच्या काडतुसाच्या निम्म्याहून थोडी अधिक. भारतीय परवानाधारकाला पोकळ टोक की सपाट तोंड, ही निवड सहसा करावीच लागत नाही. विक्रेत्याकडे जे असते, तेच घ्यावे लागते. मग त्याच्या हाती काय उरते? पुष्कळ काही उरते.

पहिली गोष्ट म्हणजे नेमके काडतूस. आपल्याकडे ‘बत्तीस’ या एका शब्दाने दोन भिन्न काडतुसे ओळखली जातात. एक रिव्हॉल्व्हरचे, दुसरे ७.६५ मिलिमीटरचे पिस्तुलाचे. पिस्तुलाचे काडतूस आखूड, कवचाच्या हलक्या गोळीचे आणि जास्त दाबाचे आहे. काही जुन्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रात ते बसतेदेखील. म्हणूनच ते धोक्याचे. .३२ लाँगची दाबमर्यादा १५,००० पौंड असताना पिस्तुलाच्या काडतुसाची २०,००० पौंडांहून अधिक आहे. बसते म्हणून चालते, असा तर्क येथे जिवावर बेतू शकतो.

दुसरी गोष्ट काडतुसाचे वय आणि साठवण. अनेक घरांत परवान्याबरोबर घेतलेली काडतुसे दहा-पंधरा वर्षे तशीच पडून असतात. कमावलेल्या चामड्यातील आम्लामुळे पितळेवर हिरवा थर चढतो. म्हणून चामडी पट्ट्यात किंवा म्यानात काडतुसे कायमची ठेवू नयेत. कोकण, गोवा, केरळ, बंगाल अशा दमट भागांत ही झीज लवकर होते. शस्त्राला दिलेले तेल चक्रातून झिरपून काडतुसाच्या बुडातील स्फोटक टोपीत शिरले, तर ती निकामी होऊ शकते. भरून ठेवावयाच्या काडतुसांपुरते चक्र कोरडे पुसलेले असावे. हिरवट, खरवडलेली, बुडावर डाग पडलेली काडतुसे वेगळी काढून रीतसर विक्रेत्याकडे किंवा परवाना प्राधिकाऱ्याकडे जमा करावीत. ती झाडूनही पाहू नयेत. चांगल्या स्थितीतील जुनी काडतुसे परवानाप्राप्त मैदानावरील सरावासाठी वापरून, भरण्यासाठी नवी ठेवणे ही उत्तम रीत. किती काडतुसे घेता येतील, हे परवान्यावर नमूद असते. हा आकडा लहान असल्याने प्रत्येक काडतुसाचा हिशेब ठेवावाच लागतो. चाप ओढण्याचा सराव मात्र, शस्त्र आणि खोली दोन्ही काडतूसरहित असल्याची दोनदा खात्री करून, रिकाम्या शस्त्राने करता येतो. बनावट काडतुसे घालून केल्यास यंत्रणेचीही झीज होत नाही.

तिसरी गोष्ट गोळीच्या मर्यादेची जाणीव. गोल नाकाची मंद गोळी उमलत नाही. ती अरुंद मार्ग करीत सरळ जाते. त्यामुळे परिणाम जवळपास सर्वस्वी नेमावर अवलंबून राहतो, आणि हुकलेली गोळी कशात तरी रुतेपर्यंत जात राहते. शहरातील सदनिकांच्या पातळ आतील भिंती, लाकडी दारे, काचा यांचा अडथळा हातातील शस्त्राच्या गोळीला फारसा होत नाही.

‘दमदम’चा वारसा

पसरणाऱ्या गोळीचा इतिहास भारताशी जोडलेला आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत .३०३ ची नवी कवचाची गोळी लागूनही पठाण योद्धे पुढे येतच राहतात, अशी तक्रार ब्रिटिश सैन्यातून झाली. त्यावर कलकत्त्याजवळील दमदमच्या शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी टोकावरील कवच काढून शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार केली. ‘दमदम गोळी’ हे नाव जगभर झाले, ते तेथून. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात पसरणाऱ्या गोळ्यांना बंदी घातली. ब्रिटनने ती १९०७ मध्ये मान्य केली. ही बंदी राष्ट्रांमधील युद्धापुरती होती. पोलीस आणि नागरी वापर तिच्या कक्षेत येत नाही, आणि पार जाणाऱ्या गोळीचा धोका लक्षात घेऊन अनेक देशांच्या पोलिसांनी नेमकी तीच गोळी पुढे स्वीकारली. अमेरिकेतही सर्वत्र एकवाक्यता नाही. न्यू जर्सी राज्यात पोकळ टोकाच्या गोळ्या नागरिकाने घराबाहेर बाळगण्यावर कडक बंधने आहेत.

गोळी सुटल्यानंतरचा कायदा

भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा अधिकार आहे. पूर्वीच्या दंड संहितेतील ९६ ते १०६ या कलमांची ती उत्तराधिकारी होत. संरक्षणासाठी आवश्यक त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि सरकारी यंत्रणेकडे दाद मागण्यास वेळ असेल तर हा अधिकार मिळत नाही, असे कलम ३७ सांगते. कोणत्या परिस्थितीत हल्लेखोराचा मृत्यू घडविण्यापर्यंत हा अधिकार जातो, हे कलम ३८ मध्ये मोजून दिले आहे.

कलम ४४ या लेखाच्या विषयाशी सर्वांत निकटचे आहे. मृत्यूची वाजवी भीती निर्माण करणाऱ्या हल्ल्यात, निरपराध व्यक्तीला इजा होण्याचा धोका पत्करल्याशिवाय बचाव शक्यच नसेल, तर तो धोका पत्करण्यापर्यंत अधिकार जातो. जमावाने वेढलेला माणूस आणि त्या जमावातील लहान मुले, असे या कलमाचे जुने उदाहरण आहे. मात्र ‘शक्यच नसेल’ ही अट ओलांडली गेली की नाही, हे न्यायालय घटनेनंतर ठरविते. गोळी कोठून सुटली, कशातून गेली, कोठे थांबली, हे तपासात बाहेर येतेच. आणि काडतुसाचा प्रकार न्यायसाहाय्यक प्रयोगशाळेच्या अहवालात नोंदला जातो.

२०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रे ठेवता येतात. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. आनंदोत्सवात किंवा निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींस पात्र असा स्वतंत्र गुन्हा ठरला. शस्त्र व दारूगोळा सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र २०१६ च्या नियमांनुसार परवान्यासाठी आवश्यक आहे. नूतनीकरणाच्या वेळी काडतुसांची नोंद परवान्यावरील आकड्यांशी जुळली पाहिजे. झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या जपून ठेवून नवी घेताना विक्रेत्याला दाखविण्याचा शिरस्ता अनेक जिल्ह्यांत आहे. स्थानिक पोलीस आयुक्तालयात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत त्याची खातरजमा करून घ्यावी.